पाच फूट उंची, एकेचाळीस हिप्स: पँटीचा नाद सोडून स्कर्ट कसा शिवून घ्यायचा

मागच्या दिवाळीआधी इंदूरच्या विजयनगरमधल्या एका मॉलच्या ट्रायल रूममध्ये मी पाऊण तास घालवला, सात पँटी घालून बघितल्या आणि सातही परत दिल्या. जी हिप्सला बसत होती तिच्या कंबरेत मागून एवढी फट की मोबाईल आडवा आत जाईल, जी कंबरेला बरोबर होती ती मांडीवरच अडून बसली, आणि लांबीचं तर विचारूच नका, खाली पाच-पाच इंच कापड दुमडून मी आरशासमोर उभी, मोठ्या भावाची पँट घालून शाळेत आलेल्या पोरासारखी. बाहेरची मुलगी म्हणते, "दीदी, स्ट्रेच है, दो बार पहनोगे तो बैठ जाएगा." बसत नाही हो. सैल होतं, बसत नाही.

माझी उंची ५ फूट, म्हणजे १५२ सेंटीमीटर, कंबर ३० आणि हिप्स ४१. ठेंगणी-ठुसकी म्हणतात तशी, आजी तर लाडाने पितळेचा गडू म्हणायची. कपड्यांच्या धंद्यात पेटीट हा शब्द फक्त उंचीसाठी आहे, साधारण ५ फूट ४ इंचापर्यंतच्या बाईला पेटीट म्हणतात, मग ती बारीक असो की भरलेली. आपल्याकडे दुकानात पेटीट मागितलं की स्मॉल काढून देतात, आणि स्मॉल म्हणजे उंच बाईचाच कपडा, फक्त अरुंद केलेला. म्हणून आपण भरल्या बांध्याच्या बुटक्या बायका दोन्हीकडून मार खातो.

आता पँट जरा टेलरच्या नजरेने बघा. तिला कंबर, हिप, आसन (दोन पायांमधला जोड), मांडी, गुडघा, मोहरी (पायाचं खालचं तोंड) आणि लांबी अशा सात ठिकाणी बसावं लागतं. बहुतेक साइज चार्टमध्ये कंबर आणि हिप्समध्ये ८ ते १० इंचांचा फरक धरलेला असतो, माझा ११ आहे, बऱ्याच जणींचा १३ असतो. त्यात आसन सगळ्यात वाईट. पँट आपल्यापेक्षा पाच-सहा इंच उंच बाईच्या धडावर बेतलेली, त्यामुळे आसन खाली लोंबतं, वर ओढलं की बेल्ट बरगड्यांपाशी जातो. आणि खालून कापली की काय होतं, गुडघ्याची जागा तुमच्या पोटरीवर येते, बूटकटचा घेर जो खाली सुरू होणार असतो तोच कापला जातो आणि हातात उरते सरळ नळी. आसन आल्टर करायला कुणी मनापासून तयार नसतं, आमचे मास्टरजी सरळ म्हणतात, "बेटा, इससे अच्छा नया सिलवा लो."

स्कर्टला मात्र बसायचं असतं दोनच ठिकाणी, कंबर आणि लांबी. पेन्सिल स्कर्ट असेल तर हिप तिसरा. बाकी सगळं मोकळं. दोन मापं सांभाळायची की सात, एवढाच हिशोब आहे. उंच दिसायची हौस मला नाही आणि हिप्स लपवा, पोट लपवा वाल्यांचं मला पटत नाही, मला फक्त मापात दिसायचंय.

आधी टेप

माप घ्यायला सकाळी रिकाम्या पोटी उभ्या राहू नका. जेवून घ्या, मग मोजा, कारण स्कर्ट घालून तुम्ही जेवणारच आहात, आणि इंदूरात राहून नुसतं जेवण कुठं, आधी पोहे-जलेबी, मधे कचोरी, रात्री सराफा.

पहिलं काम, परकराची नाडी घ्या आणि कंबरेला बांधा. कंबर कुठे हे कळत नसेल तर एका बाजूला झुका, जिथे घडी पडते ती कंबर. नाडी तिथे बांधून थोडं चाला, वाका, ती आपोआप आपल्या जागी जाऊन बसते. मग सगळी मापं होईपर्यंत ती सोडायची नाही, कारण पुढचं प्रत्येक माप त्या नाडीपासूनच घ्यायचंय. मापं अशी:

कंबर नाडीवरच, टेपखाली एक बोट ठेवून. नाडीपासून ४ इंच खाली पोटाचा घेर, हे माप कुणी घेत नाही आणि म्हणूनच स्कर्ट पुढून पोटावर ताणला जातो. मग हिप्स, जिथे सगळ्यात जास्त भरतात तिथे, आणि नाडीपासून ती जागा किती खाली आहे तेही लिहा. उंच बायकांत हे अंतर ८-९ इंच असतं, माझं ७ आहे, आणि टेलरने सवयीने ८-९ धरलं की शिलाई भलत्या ठिकाणी फुगते. नंतर खुर्चीवर बसून हिप्स पुन्हा मोजा. हे मला मास्टरजींनी शिकवलं, "हिप का नाप बैठ के दो, खड़े होके सब पतले हैं." माझं उभ्याने ४१, बसून ४३. पेन्सिल स्कर्ट शिवायचा तर ४३ धरायचं, नाहीतर ऑफिसच्या खुर्चीत पहिल्याच दिवशी मागची शिलाई बोलते.

शेवटी नाडीपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत, पोटरी संपून पाय बारीक होतो तिथपर्यंत, घोट्यापर्यंत आणि जमिनीपर्यंत. टेप स्वतः वाकून धरायची नाही, वाकलं की एक-दीड इंच फुकट जातो. आई, नणंद, रूममेट, कुणालाही बोलवा. सगळं मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा, वजन वरखाली झालं की कंबर-हिप्स बदलतील, खालच्या लांब्या बदलत नाहीत.

लांबी ठरवायची ओढणीने

इथेच खरी गोम आहे. पाच फुटी बाईला लांबी दोन इंच चुकली तरी दिसते, साडेपाच फुटीला चार इंच चुकली तरी चालून जातं.

गडद रंगाची, जरा जाड ओढणी घ्या, कॉटनची, शिफॉनची नको. कंबरेवर गुंडाळून क्लिप लावा आणि खालची कड घोट्यापासून हळूहळू वर घेत जा, वरून दुमडत दुमडत. आरशात नका बघू, आरशात आपण वरून खाली बघतो आणि पाय आणखी तोकडे दिसतात. मोबाईल डायनिंग टेबलावर, म्हणजे साधारण कंबरेच्या उंचीवर, पाण्याच्या बाटलीला टेकवून टायमर लावा आणि प्रत्येक दोन इंचांना एक फोटो काढा. मी हे केलं तेव्हा अकरा फोटो निघाले. त्यातल्या दोन फोटोंत मी नीट दिसत होते, तिसऱ्यात ठीक, बाकी आठात मी खरोखर गडू होते, बाई तीच, ओढणी तीच.

ते दोन फोटो कुठले? एक गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली, माझ्यासाठी २३ इंच, जिथे पाय आत वळतो. दुसरा पोटरी संपून घोट्याच्या वर पाय बारीक होतो तिथे, माझा ३१. म्हणजे स्कर्टची कड पायाच्या बारीक जागेवर संपली पाहिजे. पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर कड आली की बघणाऱ्याला वाटतं पाय वरपर्यंत एवढाच जाड आहे. आणि गंमत म्हणजे बाजारातली मिडी, जी उंच मुलीच्या पोटरीखाली येते, ती आपल्याला घोट्यापर्यंत येते, आणि जी तिला गुडघ्याला येते ती आपल्या बरोब्बर पोटरीच्या गोळ्यावर थांबते. म्हणून "मला मिडी सूटच होत नाही" असं म्हणणाऱ्या निम्म्या जणींना मिडी सूट होते, फक्त ती त्यांच्या मापाची मिडी नसते. तिसरा, ठीकवाला फोटो घोट्याच्या हाडावरचा, तो सणासुदीच्या लांब स्कर्टसाठी. त्याच्या खाली जाऊन जमीन झाडू नका.

फोटो काढताना जी चप्पल घालणार तीच पायात हवी. दोन इंची हील आणि फ्लॅट, दोन्ही घालणार असाल तर फ्लॅटवर लांबी ठरवा.

आकार, म्हणजे घेर कुठून सुटतो ते

आपल्या आया-आज्या काय घालत होत्या? साडीखाली सहा कळ्यांचा परकर. वर अरुंद, खाली रुंद अशा सहा पट्ट्या जोडल्या की कंबरेला गोळा नाही आणि खाली पाऊल टाकायला जागा. आज ज्याला ए-लाइन पॅनल स्कर्ट म्हणून ऑनलाइन विकतात तो परकराचाच भाऊ, फक्त नाडीच्या जागी बेल्ट आणि चेन. भरल्या हिप्सला याच्याएवढा बिनचूक आकार दुसरा नाही.

गणित बघा. कंबर ३० अधिक १ इंच मोकळीक, ३१. हिप्स बसून ४३ अधिक १, ४४. फरक १३ इंच. पँटीत एवढा फरक मागच्या दोन टक्समध्ये, म्हणजे शिवलेल्या चिमट्यांत, आणि बाजूच्या शिलाईत कोंबायचा असतो, म्हणून तिथे फुगा येतो. सहा कळ्यांत तोच फरक सहा जणींत वाटला जातो, कळीला जेमतेम सव्वादोन इंच, म्हणजे शिलाईच्या एकेका बाजूला इंचभर. कापडाला कळतसुद्धा नाही की कंबर संपून हिप्स सुरू झाले. प्रत्येक कळी वर पाच-सव्वापाच, हिपला साडेसात आणि खाली १२ इंच तयार धरली तर खालचा घेर ७२ इंच होतो. चालायला, जिना चढायला, ॲक्टिव्हावर बसायला पुरेसा. शिवाय उभ्या शिलाया असतात त्या नजरेला वरून खाली नेतात, हा बोनस.

दुसरा नंबर अर्ध-गोलाचा, हाफ सर्कल. कंबरेला चुण्या अजिबात नाहीत, हिप्सवरून सरकत खाली लहरतो. कंबरेचं वर्तुळ काढायचं तर कंबर भागिले ३.१४, ३० कंबरेला साडेनऊ इंचांची त्रिज्या. २३ इंच लांबी असेल तर ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) दोन मीटर कापड पुरतं. पूर्ण गोल केला तर कापड दीडपट लागतं आणि आपल्या उंचीला खालचा घेर जरा भारी होतो, नवरात्रीत गरब्याला मस्त, ऑफिसात छत्री. अर्ध-गोलाची एक भानगड आहे ती पुढे शिवणकामात सांगते.

पेन्सिल स्कर्टची उगाच भीती घालून ठेवलीय. भरल्या अंगाला तो छान दिसतो, दोन अटींवर: लांबी गुडघ्याखाली लगेच संपावी आणि मागे किमान ६-७ इंचांची चीर असावी. खाली गुडघ्यापाशी दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत घेतला तर आकार सुरेख येतो, त्याहून जास्त घेतला की पाऊलच टाकता येत नाही. पण हा स्कूटरवरचा कपडा नाही, कारवाल्यांचा आणि कॅबवाल्यांचा आहे, हे मान्य करा.

चुण्यांचा, म्हणजे इलॅस्टिक घालून गोळा केलेला स्कर्ट, मला वाटतं आपल्यासाठी सगळ्यात वाईट, आणि बाजारात सगळ्यात जास्त तोच मिळतो कारण एकच साइज सगळ्यांना खपवता येते. जिथे आधीच भरलेलं आहे तिथेच कापडाचा गोळा. फार आवडला असेल तर इलॅस्टिक फक्त मागच्या बाजूला घाला, पुढे सपाट बेल्ट.

प्लेट्सचा स्कर्ट चालतो, पण कंबरेपासून ५-६ इंच खालपर्यंत प्लेट्स शिवून घेतलेल्या असाव्यात. नुसत्या बेल्टला पकडलेल्या प्लेट्स हिप्सवर उघडतात, हार्मोनियमचा भाता उघडल्यासारख्या. रॅप स्कर्ट दिसायला झकास, त्यातलं एक टोक रीगल चौराह्याच्या सिग्नलला वाऱ्यावर उडालेलं असताना मी दोन्ही हात हँडलवर धरून उभी होते, तेव्हापासून माझा रॅप स्कर्ट आतून दोन प्रेस बटणांनी बंद असतो.

कापड

राजवाड्याच्या मागे शीतलामाता बाजारात जा, किंवा एम. टी. क्लॉथ मार्केटला, तुकोजीराव महाराजांच्या नावाचं ते. दुकानदार थान उलगडेल तेव्हा कापड हातात घेऊन मूठभर चुरगळा, सोडा, मग एक टोक धरून लोंबकळत सोडा. जे ताठ उभं राहतं ते हिप्सवरही उभं राहील. जे पाण्यासारखं खाली पडतं ते अंगाला चिकटेल. आपल्याला मधलं हवं, वजन असलेलं पण पडणारं: मध्यम जाडीचं कॉटन, लिननमिक्स, जाड क्रेप, हलका डेनिम. जॉर्जेट घेतलंत तर अस्तर हवंच, आणि हिवाळ्यात सिंथेटिक अस्तर पायांना चिकटतं म्हणून कॉटनचं किंवा मऊ क्रेपचं.

आपल्याकडे राहून बाग प्रिंट सोडून दुसरीकडे बघायचं म्हणजे घरची पुरणपोळी सोडून हॉटेलची खाणं. धार जिल्ह्यातल्या बाग गावचे खत्री कारागीर लाकडी ठशांनी छापतात, तुरटीतला लाल आणि लोखंडाच्या गंजाचा काळा, मग धावड्याची फुलं घालून तांब्याच्या मोठ्या भांड्यात उकळतात आणि वाहत्या पाण्यात धुतात. कापड जरा वजनदार आणि मऊ, कळीदार स्कर्टला अगदी हवं तसं. फक्त ठसा बघून घ्या. हाताच्या पंजाएवढा बुट्टा पाच फुटी बाईच्या २३ इंची स्कर्टवर जेमतेम चार वेळा येतो, मग बाई दिसत नाही, बुट्टाच दिसतो. सुपारीएवढी बुटी किंवा बारीक उभी वेल घ्या. काळ्या किंवा लाल जमिनीवर पांढरी बुटी असेल तर उत्तमच. घरी आणल्यावर शिवायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, कॉटन आटतं, आणि लांबी दोन इंचांनी चुकली तर काय होतं ते वर सांगितलंच.

आईच्या जुन्या महेश्वरीचा स्कर्ट हा माझा सगळ्यात लाडका. महेश्वरी सुती-रेशमी असते, वजनाला हलकी, तिला तिरपं कापू नका, उरेबात ती ताणते आणि जोड उसवतात. सरळ कापडाच्या शिवलेल्या प्लेट्स घ्या आणि काठ खाली येऊ द्या. काठ दीड-दोन इंचांचाच हवा, चार इंची काठ आपल्या पायाला आडवा कापतो. महेश्वरीच्या बुगडी काठाला उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे प्लेट हलली तरी आतला काठ कुरूप दिसत नाही. मात्र इथे खाली दुमडायला मार्जिन नसतं, काठच कड असतो, म्हणून लांबी वरून, बेल्टपाशी कापायची. रेडीमेड प्लेट्सवाला स्कर्ट लांब झाला तर तोही वरूनच.

कापड किती? सहा कळ्या, २३ इंच लांबी, ४४ पन्हा, पावणेदोन मीटरमध्ये होतो, दोन घ्या म्हणजे बेल्ट आणि खिसे त्यातच निघतात. टेलर तीन सांगेल. का सांगतो माहीत नाही, पण तीन सांगेलच.

मास्टरजींना काय सांगायचं

"अच्छा सा स्कर्ट बना दो" एवढं सांगून आलात तर पुढचं तुमचं नशीब. हे मुद्दे नोट्समध्ये लिहून न्या आणि त्यांच्या वहीत उतरवून घ्या.

बेल्ट सव्वा ते दीड इंचाचा, त्याहून रुंद नको. आपलं धड आखूड असतं, अडीच इंची बेल्ट लावला की तो बरगडीला टोचतो आणि बसल्यावर दुमडतो. आणि बेल्ट सरळ पट्टीचा नको, गोलाई देऊन कापलेला हवा, कारण कंबर-हिप्सचा फरक जास्त असला की सरळ पट्टी मागे उभी राहते, त्याच त्या मोबाईलच्या फटीची धाकटी बहीण.

चेन डाव्या बाजूला, आणि ती हिप्सच्या भरलेल्या जागेपर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर चढवताना रोज कुस्ती. माझ्या ७ इंचांना ८ इंची चेन लागते. टक्स असतील तर पुढचे ३ इंच, मागचे साडेचार, सवयीचे लांब टक्स आपल्या हिप्सच्या खाली जाऊन चोच काढतात.

खिसे हवेतच, पण बाजूच्या शिलाईत नकोत, तिथे ते उघडून कानासारखे दिसतात. पुढच्या कळीच्या शिलाईत घाला आणि खिशाची पिशवी वर बेल्टमध्ये पकडून घ्या, म्हणजे मोबाईल टाकल्यावर खिसा लोंबत नाही.

अस्तर स्कर्टपेक्षा दोन इंच आखूड, आणि तेही कळीदारच, सरळ नळीसारखं अस्तर शिवलं तर वरचा घेर असून उपयोग काय.

आता लांबी. यावर मी अडून बसते. भरल्या हिप्सवरून कापड मागे वर उचललं जातं, त्यामुळे बेल्टपासून सगळीकडे सारखं मोजून कापलेला स्कर्ट घातल्यावर मागून इंचभर वर दिसतो. मागची लांबी पाऊण ते एक इंच जास्त ठेवावी लागते, आणि नक्की किती ते अंगावर घालूनच कळतं. म्हणून खालची शिलाई न मारता स्कर्ट घरी आणायचा. अर्ध-गोल असेल तर आधी दिवस-रात्र हँगरला टांगून ठेवायचा, कारण त्यातला जो भाग उरेबात येतो तो आपल्या वजनाने खाली उतरतो, सरळ भाग नाही उतरत, आणि न टांगता कड शिवली तर पहिल्या धुण्यानंतर दोन बाजूंना कान लोंबतात. हीच ती भानगड.

टांगून झाला की आम्ही काय करतो, मी देवघरापुढच्या चौरंगावर उभी, आई खाली मांडी घालून, हातात लाकडी फूटपट्टी आणि खडूचा तुकडा. पट्टी चौरंगावर उभी टेकवून ठरलेल्या इंचावर खडूची खूण, मग ती म्हणते "वळ", मी दोन बोटं वळते, पुन्हा खूण. मी खाली बघितलं की ती ओरडते, कारण मान वाकली की मागची कड हलते. वीस-बावीस खुणा होतात, त्या जोडून जी वाकडीतिकडी रेघ येते तीच खरी सरळ रेघ, जमिनीपासून सरळ. तिच्याखाली दीड-दोन इंच मार्जिन ठेवून टाचण्या लावायच्या आणि परत मास्टरजींकडे. पहिल्यांदा दिलं तेव्हा त्यांनी ती रेघ बघितली, चष्मा वर केला आणि विचारलं, "ये टेढ़ा किसने किया?" घालून दाखवल्यावर काही बोलले नाहीत. आता त्यांच्याकडेही एक पाट ठेवलेला दिसतो.

वर काय घालायचं

स्कर्ट कितीही चांगला झाला तरी वरचा टॉप हिप्सपर्यंत सोडला की सगळं पाण्यात. उंचीचे दोन सारखे तुकडे पडले की बाई बुटकी दिसते, वर एक भाग आणि खाली दोन भाग असं वाटप हवं. म्हणजे टॉप आत खोचा, नाहीतर कंबरेच्या फार तर दीड-दोन इंच खाली संपणारा घ्या. जुन्या कुर्त्या तेवढ्याला कापून घेता येतात, मास्टरजी तासाभरात करून देतात. खोचायचा टॉप पातळ हवा, जाड कॉटनचा शर्ट खोचला तर पोटावर घड्या येतात. छाती भरलेली असेल तर गळा जरा मोकळा, व्ही किंवा चौकोनी, बंद गळ्याने सगळं एक गाठोडं होतं. जॅकेट किंवा श्रग कंबरेपर्यंतच. लांब श्रग, मांडीपर्यंतचा, तो कितीही सेलमध्ये असू दे, नकोच.

रंगाचं एक सोपं: स्कर्ट छापील असेल तर त्याच्या जमिनीचा रंग वर घ्या. काळ्या बाग स्कर्टवर काळा टॉप घातला की वरपासून खालपर्यंत एकच रेघ दिसते.

पायात ज्या चपलेने पायाचा वरचा भाग मोकळा दिसतो ती. कोल्हापुरी, मोजडी, पुढून खोल कापलेली बेली, सगळं चालतं. घोट्याला पट्टा बांधायची सँडल गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टखाली नको, ती पाय तिथेच तोडते. स्नीकर्स घालते मी, पांढरे, मोजे आत लपवून.

आतलं, स्कूटर आणि हवा

आपल्या मांड्या घासतात, हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर गेला की अर्ध्या तासात लाल होतं. आत कॉटन-लायक्राची सायकलिंग शॉर्ट घाला, गुडघ्याच्या चार बोटं वर येणारी, अस्तराच्या रंगाची. तीच ॲक्टिव्हावर कामाला येते. बसताना स्कर्टचा पुढचा घेर दोन्ही मांड्यांखाली सारा आणि मग बसा. मागे बसणार असाल तर एका बाजूला पाय सोडून बसू नका, दोन्हीकडे पाय टाकून बसा, आणि लांब स्कर्ट असेल तर घेर मुठीत घेऊन मांडीवर, मागच्या चाकापासून लांब. साडी-गार्ड असला तरी ओढणी आणि स्कर्टवर नजर ठेवायचीच.

पावसाळ्यात गुडघ्याखालचा २३ इंचीच बाहेर काढा, मालव्याची काळी माती एकदा कडेला लागली की बाग प्रिंट असो की महेश्वरी, चिकटूनच बसते. डिसेंबर-जानेवारीत सायकलिंग शॉर्टच्या जागी गरम लेगिंग आणि जाड डेनिमचा किंवा लोकरीमिक्स स्कर्ट, लेगिंग आणि बूट एकाच रंगाचे. पँटीपेक्षा ऊब जास्त मिळते, खोटं वाटेल, पण आत हवा धरून ठेवतो तो.

पँट कधी घालायची? ट्रेनच्या वरच्या बर्थला चढताना, पातालपाणी धबधब्याच्या दगडांवर, आणि रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला जाताना. त्या दिवशी तर जुनी सलवार.

ट्रायलच्या दिवशी

पितृपक्षात शिवायला टाका, आमचे मास्टरजी तेव्हा जरा मोकळे असतात, नवरात्र लागलं की कुणाला वेळ नसतो. घ्यायला जाल तेव्हा दुकानातल्या आरशासमोर उभं राहून "हां, ठीक है" म्हणून पैसे देऊ नका. घालून स्टुलावर बसा, बेल्ट पोटात रुतला तर तिथेच सांगा. दोन पायऱ्या चढा. हात वर करून खोचलेला टॉप निघतो का बघा. चेन स्वतः, आरशाशिवाय, एका हाताने लावून बघा. खिशात मोबाईल टाका आणि चालत रस्त्यापर्यंत जाऊन या. येताना मास्टरजींना म्हणावं मागून बघा, कड सारखी आहे का. ते "एकदम बराबर" म्हणतील. तरी पण बरोबर कुणीतरी न्या.